देव्हाऱ्यातील शाळिग्राम आणि पडद्यावरील पृथ्वी

मंदिराच्या सभागृहात मुलांस पृथ्वीच्या जन्माचा, ग्रहताऱ्यांचा किंवा डायनोसॉरांचा चित्रपट दाखवावा, अशी सूचना कोणी केली की आमच्या मंडळींत लगेच दोन आवाज उठतात. पहिला म्हणतो, देवाच्या दारी हे राक्षसांचे खेळ कशाला? दुसरा म्हणतो, यात नवे ते काय, हे सारे आमच्या पुराणांत आधीच सांगून ठेवले आहे. पहिल्या आवाजात भीती आहे, दुसऱ्यात फुशारकी आहे. परंतु दोहोंचा परिणाम एकच. सूचना बारगळते, सभागृह पुढील लग्नासाठी राखून ठेवले जाते, आणि मुले तळहाताएवढ्या काचेवर जे दिसेल ते पाहत बसतात. हे दोन्ही पक्ष आम्हांस मान्य नाहीत. ते का मान्य नाहीत, आणि इंदूरसारख्या शहरात राहून ते मान्य करणे हा अपराध का ठरतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम वादाचा विषय नीट समजून घेऊ. १९७० साली जपानातील ओसाका येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात कॅनडातील काही चित्रपटकारांनी ‘टायगर चाइल्ड’ नावाचा एक लघुपट दाखविला. त्यासाठी त्यांनी सत्तर मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी न चालविता आडवी चालविली, आणि एकेका चित्रास तीन-तीन नव्हे, पंधरा छिद्रांइतकी जागा दिली. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या चित्राहून हे चित्र क्षेत्रफळाने सुमारे दहापट मोठे होते. म्हणून ते कित्येक मजली पडद्यावर फेकले तरी विरत नाही, आणि पाहणाऱ्याच्या नजरेस पडद्याचा काठ सापडत नाही. हेच ते आयमॅक्स तंत्र. अशा पडद्यासाठी तयार होणाऱ्या माहितीपटांस आम्ही येथे ‘महापट’ म्हणू. ते बहुधा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे असतात, आणि मानवी डोळा एरवी जेथे पोहोचत नाही ते त्यांचे विषय असतात. १९८५ सालच्या ‘द ड्रीम इज अलाइव्ह’ या महापटासाठी अमेरिकेच्या अंतराळयानातील यात्रिकांनी स्वतः कॅमेरा चालविला. ‘ब्लू प्लॅनेट’ १९९० साली आला, ‘डायनोसॉर्स अलाइव्ह’ २००७ साली, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरून चित्रित झालेला ‘अ ब्यूटिफुल प्लॅनेट’ २०१६ साली. हे चित्रपट वरून दिसणारी पृथ्वी दाखवितात. तिच्यावर सीमारेषा आखलेल्या नाहीत, आणि ज्या हवेवर आपण सारे जगतो ती कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ दिसते. असे दृश्य पाहून ज्याचा अहंकार घटकाभर तरी ओसरत नाही, त्याच्यापुढे कीर्तनकारानेही हात टेकावेत.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. हे महापट धर्मास बाधक आहेत, असे त्याचे म्हणणे. हा आक्षेप मुळात आमचा नव्हे, उसना आहे. २००५ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही विज्ञानकेंद्रांनी समुद्रतळाच्या ज्वालामुखींवरील एक महापट दाखविण्याचे टाळले. कारण त्यात जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा उल्लेख होता आणि भाविक प्रेक्षक दुखावतील अशी धास्ती होती. ती धास्ती तेथील इतिहासाच्या संदर्भात समजू शकते. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी बायबलातील वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी झाल्याचे गणित मांडले होते. ज्यांच्या श्रद्धेचे घर सहा हजार वर्षांच्या जोत्यावर उभे आहे, त्यांस सहा कोटी वर्षांचे हाड जड वाटणारच. परंतु आम्ही कशाला भ्यावे? कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आमचा गुरुजी श्वेतवाराह कल्पाचा आणि वैवस्वत मन्वंतराचा उच्चार करतो. यजमान पळी हातात धरून त्या अफाट काळात आपले नाव, आपले गोत्र आणि आजची तिथी नोंदवितो. कोट्यवधी वर्षांच्या उच्चाराने ज्याचा दिवस सुरू होतो, त्याने कोट्यवधी वर्षांच्या चित्रपटास बिचकावे हे विपरीत आहे.

याहूनही जवळचा पुरावा आमच्या देव्हाऱ्यात आहे. स्मार्त घरांतील पंचायतन डोळ्यांपुढे आणा. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतून येतो, शिवाचा बाण नर्मदेतून, गणपतीचा तांबडा शोणभद्र शोण नदीतून. तीन नद्यांच्या पात्रांतील तीन दगड आमच्या आजोबांनी तबकात मांडून ठेवले. पैकी चक्रांकित शाळिग्राम म्हणजे काय? आज जेथे हिमालय उभा आहे तेथे एके काळी समुद्र होता. त्या समुद्रात अमोनाइट नावाचे शंखधारी प्राणी राहत. ते मेले, गाळात रुतले, त्यांच्याभोवती काळा गाळ घट्ट होऊन त्याचा गोळा झाला. पुढे भूमी उचलली गेली, समुद्रतळाचा पर्वत झाला, आणि गंडकीने तो पर्वत कापून ते गोळे पात्रात आणून टाकले. चक्रांकित शाळिग्रामांपैकी बहुतेकांच्या पोटातील चक्र हे चौदा-सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच एका जलचराच्या शंखाचे वेटोळे असते. वज्रकीटाने दगड कोरून ती चक्रे केली, अशी कथा आमच्या परंपरेत आहे. हे वेटोळे एका जिवाचे काम आहे, इतके तरी त्या कथाकारांनी ओळखले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी एका जीवाश्मास तुळशीपत्र वाहिले, त्यांच्या नातवंडांनी जीवाश्मांचा चित्रपट पाहिल्यास धर्म बुडतो, हा युक्तिवाद कोणत्या न्यायासनापुढे टिकेल?

हे ऐकून दुसरा पक्ष टाळ्या पिटील. त्याने इतक्यात आनंदू नये. आमचा व्यवसाय वकिलीचा. पुरावा आणि योगायोग यांतील भेद पाहणे हे आमचे रोजचे काम. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा मानला आहे. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. आकडे जवळजवळ आले, एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस पृथ्वीचे वय ठाऊक होते असे सिद्ध होत नाही. कल्पाचा आकडा युगांच्या गणितातून आला. पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने १९५६ साली उल्केतील शिशाच्या मापनातून काढले. पहिल्या आकड्यामागे कल्पनेचा प्रचंड आवाका आहे, दुसऱ्यामागे तपासता येणारा दाखला आहे. उद्या मापन अधिक अचूक होऊन आकडा थोडा सरकला तर विज्ञान तो मुकाट्याने बदलील. मग आपण कल्पाचा आकडा बदलणार काय?

दशावतारांचेही तेच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात उत्क्रांती दाखवून देणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकले. परंतु अवतार धर्मरक्षणासाठी होतात, असा भक्तांचा विश्वास आहे. उत्क्रांतीस कोणाचे रक्षण करावयाचे नसते आणि मनुष्यापाशी येऊन थांबावयाचेही नसते. मत्स्यावताराचा शाळेतील तक्ता केल्याने विज्ञानाचा मान वाढत नाही आणि विष्णूचाही वाढत नाही. शिवाय, सर्व काही आधीच माहीत होते, असे म्हणणाऱ्याच्या हातून नवे काहीच शोधले जात नाही. ज्या उज्जयिनीवरून आमच्या सिद्धान्तकारांनी शून्य रेखावृत्त मोजले, त्या नगरीत अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी वेधशाळा बांधली. सारे पोथीत आहे असे मानून ते स्वस्थ बसले नाहीत. आकाश पुन्हा मोजावे लागते हे त्यांस कळत होते.

येथपर्यंतचा वाद कोठेही करता आला असता. इंदुरात तो का करावा, ते आता सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांचे अवशेष आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहेत. माळव्याची काळी माती त्याच खडकाची झीज आहे. सह्याद्रीचे कडेही त्याच कुळातले. म्हणजे इंदूरचा मराठी माणूस आणि घाटमाथ्यावरचा त्याचा नातलग एकाच लाव्ह्यावर नांदत आहेत. आमच्या शहराच्या पश्चिमेस धार जिल्हा आहे. त्यातील बाघ हे गाव लोकांस लेण्यांमुळे आणि ठशांच्या छापील कापडामुळे माहीत. परंतु तेथील चुनखडकांत समुद्राचे शंखशिंपले आणि शार्कचे दात सापडतात. कारण सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून तेथवर आत आला होता. त्या समुद्राच्या गाळात अमोनाइटही आहेत. देव्हाऱ्यातील शाळिग्रामाचे भाऊबंद आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर जमिनीत पडून आहेत आणि आम्हांस त्याचा पत्ता नाही!

समुद्र ओसरला, आणि त्यानंतर त्या भूमीवर लांब मानेचे, शाकाहारी, प्रचंड टायटॅनोसॉर अंडी घालण्यास येऊ लागले. दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह केलेला या अंड्यांचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद आहे. घरटी एकमेकांस इतकी लागून आहेत की एवढ्या अवाढव्य प्राण्यास त्यांमधून हिंडणे अशक्यच असावे; म्हणून अंडी घालून माता निघून जात असाव्यात, असे अनुमान त्यांनी काढले. त्या अभ्यासकांत विशाल वर्मा हे धारचे एक शिक्षकही आहेत, आणि जीवाश्मांच्या शोधात त्या टेकड्या त्यांनी वर्षानुवर्षे पायांखाली घातल्या आहेत. बाघजवळच्या पाडल्या गावी तर अंड्याच्या आत दुसरे अंडे असलेला नमुना मिळाला. डायनोसॉरांच्या बाबतीत असा नमुना पूर्वी नोंदला गेला नव्हता, असे २०२२ साली जाहीर झाले. हा वारसा आजकालचा नाही. जबलपूरच्या टेकडीवर कॅप्टन स्लीमनला अशी हाडे १८२८ साली मिळाली. ‘डायनोसॉर’ हा शब्दच रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडविला. म्हणजे शब्दाच्या आधी हाड आमच्या नर्मदेकाठी सापडले होते.

याच पाडल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आली तेव्हा शहरी सुशिक्षितांत हशा पिकला. तेथील शेतकरी नांगरताना मिळालेले वाटोळे दगड ‘काकर भैरव’ म्हणून पूजीत होते. काकर म्हणजे शेत, आणि भैरव म्हणजे त्याचा राखणदार. शेताचे आणि गुरांचे तो रक्षण करतो अशी त्यांची श्रद्धा. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहून सांगितले की ही डायनोसॉरांची अंडी आहेत. लोक हसले. आम्ही हसणाऱ्यांस विचारतो, तुमच्या घरातील शाळिग्राम काय वेगळा आहे? पाडल्याच्या शेतकऱ्याने तो दगड फोडला नाही, पायरीस लावला नाही, दलालास विकला नाही. त्यास शेंदूर लावला आणि नारळ वाहिला. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादा जीवाश्म सांभाळला आहे? विज्ञान त्या गावात पोहोचण्यापूर्वी ज्या श्रद्धेने ते दगड राखले, तिची टवाळी करणे हा कृतघ्नपणा आहे. परंतु केवळ श्रद्धेवर त्यांचे यापुढे भागणार नाही, हेही तितकेच खरे. शेंदराने दगड वाचतो; घरट्यात तो कोठे होता, कोणत्या थरात होता, ही साक्ष वाचत नाही. भूशास्त्रात दगडाइतकेच त्याच्या जागेस महत्त्व असते, जसे आमच्या धंद्यात दस्तऐवजाइतकेच तो कोणाच्या ताब्यातून आला यास असते.

आणि कायद्याचे छत्र पाहावे तर ते तोकडे आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तू, लेणी, शिलालेख यांचे रक्षण करतो. मनुष्याचा हात ज्यास लागला ते त्याच्या डोळ्यांस दिसते. ज्यास फक्त काळाचा हात लागला ते दिसत नाही. शंभर वर्षांची कमान रक्षणीय, आणि साडेसहा कोटी वर्षांचे घरटे बेवारस! धार जिल्ह्यात २०११ साली डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाले ही समाधानाची गोष्ट. परंतु त्याचे क्षेत्र जेमतेम नव्वद हेक्टर आहे, आणि अंडी कुंपण पाहून घातलेली नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने भूवारसास्थळांच्या रक्षणाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, तो रेंगाळला. जी वस्तू लोकांनी कधी पाहिलीच नाही, तिच्यासाठी कायदा करा म्हणून लोक कशाला ओरडतील? महापटाचे महत्त्व आम्हांस येथे दिसते. तो जनतेचे डोळे उघडतो, आणि डोळे उघडलेली जनताच कायद्यास दात आणू शकते.

मात्र महापटांच्या कैवाऱ्यांनीही आमच्याकडून सरसकट प्रशस्तिपत्राची अपेक्षा धरू नये. मुंबईस वडाळ्याला २००१ साली, आणि हैदराबादेस २००३ साली आयमॅक्सची चित्रगृहे निघाली तेव्हा मुलांस पृथ्वी आणि अंतराळ दिसेल अशी आशा होती. थोड्याच काळात तेथे धंदेवाईक चित्रपटांची सरशी झाली. दोष एकट्या चालकांचा नव्हे. आम्ही तिकीट कशाचे काढले, यावरच त्यांचा हिशेब चालतो. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हे महापट परदेशांत होतात, म्हणून त्यांतील डायनोसॉर मंगोलियाच्या वाळवंटात नाही तर अमेरिकेच्या माळावर हिंडतो, आणि निवेदन इंग्रजीत चालते. आमच्या मुलास टायरॅनोसॉरसचे नाव पाठ; राजासॉरस नर्मदेन्सिसचे नाव त्याने ऐकलेले नसते. नर्मदेचे नाव धारण करणारा हा मांसाहारी डायनोसॉर गुजरातेतील रहिओलीच्या अस्थींवरून २००३ साली जगापुढे आला. आपल्या अंगणातील प्राणी सोडून परक्याच्या अंगणातील प्राण्यास भ्यावयाचे, ही कसली शिक्षणपद्धती?

तिसरा आक्षेप खर्चाचा. इतका पैसा कोठून आणावा, आणि धर्मसंस्थेने तो यात का घालावा? याचे उत्तर दिल्लीत उभे आहे. २००५ साली उघडलेल्या अक्षरधाम मंदिराच्या आवारात महापटाचे चित्रगृह आहे, आणि नीलकंठवर्णींच्या भारतयात्रेवरील ‘मिस्टिक इंडिया’ हा महापट त्याच संप्रदायाने त्याच वर्षी जगभर दाखविला. त्या संप्रदायाचा आणि आमचा मार्ग एक नसेल. परंतु मंदिर आणि महापट यांचे वैर नाही, हे त्यांनी रोख पैसे मोजून सिद्ध केले. प्रत्येक देवस्थानाने असे चित्रगृह बांधावे, असे आम्ही म्हणत नाही. सभागृहात एक चांगला पडदा आणि प्रक्षेपक असावा. दर महिन्यास एक रविवार मुलांचा असावा. मराठीत आणि कोकणीत समजावून सांगणारा एक जाणकार उभा करावा. वर्षातून एकदा मुलांची सहल बाघ-मांडूस न्यावी, परतीच्या वाटेवर उज्जयिनीची वेधशाळा दाखवावी. आणि गोव्यापासून इंदूरपर्यंतच्या आमच्या संस्थांनी मिळून एक मागणी लावून धरावी: नर्मदेच्या खोऱ्याचा एक महापट व्हावा, तो मराठीत, कोकणीत, माळवीत आणि भिलीत बोलावा, आणि पाडल्याच्या शेतकऱ्यांस तो सर्वांआधी दाखवावा. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळविली ही कथा ऐकत वाढलेल्या गोमंतकीय वाचकांस, बाघचा समुद्र हटल्याची हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही. एक कथा म्हणून ऐकावी, दुसरी साक्ष म्हणून तपासावी. दोहोंस मनात जागा आहे.

हे आजच करावयास हवे, कारण शाळा हे काम करील हा भरवसा कमी झाला आहे. २०२३ साली दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला. तो बारावीच्या जीवशास्त्रात उरला, आणि तेथपर्यंत जीवशास्त्र घेऊन जाणारी मुले थोडी. घटनेच्या ५१क या अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्यभंगाचा दावा कोणावर लावता येत नाही, हे आम्ही वकील या नात्याने जाणतो. पण विश्वस्त म्हणविणाऱ्यांस दाव्याची धमकी का लागावी? देवस्थानाचे विश्वस्त देवाच्या दागिन्यांचा हिशेब चोख ठेवतात. नर्मदेच्या पोटातील या ठेवीचेही आपण विश्वस्तच आहोत, आणि तिचा हिशेब पुढील पिढी मागेल. पुढील कार्यकारिणीच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. आणि कोणी पुन्हा धर्माचा आक्षेप काढलाच, तर त्यास सभेतून उठवून देव्हाऱ्यापाशी न्यावे आणि शाळिग्राम हाती द्यावा.